हॉट टबचं पाणी दोन दिवसांत दुधाळ होतं, नेमकं काय चुकतंय?

रानवाट:
कर्जतजवळच्या, भाड्याने दिल्या जाणाऱ्या व्हिलातला उघड्यावरचा हॉट टब. सहा जणांचा, 1500 लिटरचा. 50 चौरस फुटांचं एक फिल्टर कार्ट्रिज, ओझोनेटर (पाणी शुद्ध करायला त्यात ओझोन सोडणारं यंत्र), तापमान 38 अंश. भरायला बोअरचं पाणी. तपासणीत हार्डनेस (पाण्याचा जडपणा) 420 आणि अल्कलिनिटी (आम्ल पचवायची पाण्याची क्षमता) 280 पीपीएम, म्हणजे लिटरला मिलिग्रॅम, पीएच 8.1.
शुक्रवारी भरलं की शनिवारी संध्याकाळी पाणी दुधाळ, रविवारी फेस, सोमवारी वास. सध्या देखभाल करणारे काका भरताना 100 ग्रॅम ब्लिचिंग पावडर टाकतात, गढूळ झालं की तुरटी फिरवतात आणि तरंगत्या डब्यात टीसीसीए 90 ची (सावकाश विरघळणाऱ्या क्लोरिनची) गोळी कायम असते. दर सोमवारी सगळं पाणी सोडून द्यावं लागतं. उन्हाळ्यात टँकर मागवावे लागणाऱ्या गावात दर आठवड्याला 1500 लिटर पाणी फेकणं बरोबर वाटत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

नितळ:
रानवाट, आकडे दिलेत हे फार बरं केलंत. आधी तुरटी, ब्लिचिंग पावडर आणि ती गोळी, तिन्ही आजच बंद करा.

तुरटी गाळ खाली बसवते. विहिरीत, हौदात ते ठीक, कारण तिथे पाणी स्थिर असतं आणि वरचं पाणी काढून घेता येतं. टबमध्ये पंप फिरला की तोच गाळ कार्ट्रिजच्या घड्यांत चिकट लगद्यासारखा बसतो. प्रवाह कमी होतो आणि हीटर एफएलओसारखा (प्रवाह कमी असल्याचा) कोड दाखवून बंद पडतो.

ब्लिचिंग पावडरमध्ये क्लोरिन साधारण 33 टक्के, उरलेल्यात बराचसा न विरघळणारा चुना. म्हणजे आधीच जड असलेल्या पाण्यात तुम्ही चुना घालताय.

टीसीसीएची गोळी खूप आम्ल असते, तिच्या द्रावणाचा पीएच 3 च्या आसपास. ती जलतरण तलावासाठी बनवलेली. बंद कव्हरखाली तिची वाफ साचून कव्हरचं आतलं कापड, उशा आणि ॲक्रिलिक खराब होतं. शिवाय गरम पाण्यात ती किती वेगाने विरघळेल यावर आपला ताबा राहत नाही.

आता दुधाळपणा कशाचा हे ओळखायच्या तीन चाचण्या. पैसे लागत नाहीत.

पहिली: जेट आणि हवेचे व्हॉल्व बंद करून दहा मिनिटं थांबा. पाणी खालून वर नितळत गेलं तर ती हवा आहे. पंपाच्या आधीच्या जोडातून हवा ओढली जातेय किंवा पाण्याची पातळी कमी आहे. युनियनचा ओ-रिंग बघा.

दुसरी: पारदर्शक ग्लासभर गढूळ पाण्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर घाला. मिनिटाभरात लख्ख झालं तर तो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे विरघळलेला चुना बाहेर पडतोय.

तिसरी: व्हिनेगरने काहीच फरक पडला नाही तर तो अंगावरचा मळ, तेल, जिवाणू. म्हणजे क्लोरिन कमी पडतंय.

तुमच्याकडे शनिवारचं गढूळपण दुसऱ्या प्रकारचं आणि रविवारचं तिसऱ्या, असं आकड्यांवरून दिसतं.

केमिकट्टा:
नितळ यांच्याशी सहमत. पहिल्या भागाचं रसायन सांगतो. मीठ-साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, कॅल्शियम कार्बोनेटचं उलटं आहे. पाणी तापलं, पीएच वर गेला, की तो बाहेर पडतो. जेट चालू केले की पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच आपोआप चढतो. अल्कलिनिटी जितकी जास्त तितका हा चढ वेगवान. तुमच्या पाण्यात तिन्ही गोष्टी एकाच बाजूला ओढतायत. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 मानकात हार्डनेस 200 पर्यंत योग्य आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतो. त्यामुळे "पाणी पिण्यालायक आहे" या दाखल्याचा टबला उपयोग नाही. टबला हार्डनेस 150 ते 250, अल्कलिनिटी 60 ते 80, पीएच 7.2 ते 7.8 हवा.

हार्डनेससाठी: 750 लिटर बोअरचं आणि 750 लिटर सॉफ्टनरमधून (जडपणा काढणाऱ्या यंत्रातून) काढलेलं, असं अर्धं-अर्धं भरा. हार्डनेस 210 वर येईल. पूर्ण सॉफ्टनरचं भरू नका, शून्य हार्डनेसच्या पाण्याला फेस जास्त येतो.

पण सॉफ्टनर अल्कलिनिटी कमी करत नाही, ती 280 च राहते. ती 80 वर आणायला 1500 लिटरला 30 टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड साधारण 630 मिली लागेल. एकदम नाही. 100 मिली एका वेळी, बादलीभर पाण्यात मिसळून (आधी पाणी, मग ॲसिड), जेट चालू असताना हळूहळू ओता. दर वेळी अल्कलिनिटी 30 ने उतरेल. पीएच 7.0 ते 7.2 वर आला की थांबा, हवेचे व्हॉल्व पूर्ण उघडून कव्हर काढून जेट चालवा. पीएच 7.6 पर्यंत परत चढला की पुढचे 100 मिली. असे सहा फेरे. पहिल्या भरणीला जवळजवळ एक दिवस मोडतो.

ड्राय ॲसिडनेही (सोडियम बायसल्फेट) होतं, 10 पीपीएम उतरवायला 36 ग्रॅम. पण 200 पीपीएम उतरवायला 720 ग्रॅम लागेल आणि पाण्यात 380 पीपीएमच्या आसपास सल्फेट वाढेल. हीटरच्या धातूला ते चांगलं नाही. रोजच्या किरकोळ दुरुस्तीला ड्राय ॲसिड, मोठ्या उतरणीला हायड्रोक्लोरिक. फरशी धुवायचं बाटलीतलं ॲसिड नको. पिवळं दिसणारं कमर्शियल ॲसिड लोहामुळे पिवळं असतं, तेही टाळा.

कातळसडा:
रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे वाचक असतील तर वरचा सल्ला उलटा लागू होतो, म्हणून लिहितो. जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी मऊ, थोडं आम्ल आणि बऱ्याच ठिकाणी लोहाचं. भरताना स्वच्छ दिसतं, क्लोरिन पडताच चहासारखं तांबूस होतं. ते लोहाचं ऑक्सिडेशन. यावर जास्त क्लोरिन घालून काही होत नाही. आदल्या रात्री साठवण टाकीतच 2 पीपीएम क्लोरिन घाला, रात्रभर बसू द्या, वरचं पाणी 5 मायक्रॉनच्या फिल्टरमधून टबमध्ये घ्या. उरलेल्या लोहासाठी एचईडीपी असलेलं सिक्वेस्ट्रंट (लोह पाण्यात विरघळलेलंच धरून ठेवणारं रसायन), तेही दर आठवड्याला, कारण क्लोरिन ते मोडत जातं.

पाणी पारदर्शक पण हिरवट असेल तर ते बहुतेक तांबं असतं. पीएच 7 च्या खाली राहिल्याने तांब्याची पाइप किंवा तांबं असलेला हीटर झिजतोय.

हार्डनेस 30 असेल तर 150 वर न्यायला 1500 लिटरला कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट 265 ग्रॅम. अल्कलिनिटी वाढवायला खायचा सोडा, 10 पीपीएमला 25 ग्रॅम. धुण्याचा सोडा घालू नका. नावात दोन्हीकडे सोडा असला तरी त्याने पीएच उसळतो आणि पाणी लगेच पांढरं होतं.

रानवाट:
फारच उपयोगी. सॉफ्टनर व्हिलात आहेच, फक्त बागेच्या नळाला जोडलेला नाही. आता क्लोरिनचं सांगाल का? ब्लिचिंग पावडर बंद केली तर नेमकं काय, किती आणि केव्हा?

नितळ:
हाच खरा मुद्दा. टबचं पाणी गढूळ होण्याचं कारण दहापैकी नऊ वेळा हिशेबात सापडतं.

गरम पाण्यात एक माणूस एक तास बसला की त्याचा घाम, तेल, त्वचा निकामी करायला साधारण 9 ग्रॅम क्लोरिन खर्च होतं. तुमच्या टबमध्ये 1 पीपीएम म्हणजे 1.5 ग्रॅम. म्हणजे एका माणसाच्या एका तासाला 6 पीपीएम. सहा पाहुणे दोन तास बसले तर 12 माणूस-तास, म्हणजे 108 ग्रॅम, म्हणजे 72 पीपीएम! आणि सुरुवातीला तुम्ही ठेवणार 5 पीपीएम. पहिल्या काही मिनिटांतच क्लोरिन शून्यावर येतं आणि उरलेला वेळ लोक निर्जंतुक नसलेल्या 38 अंशांच्या पाण्यात बसलेले असतात. गढूळपणा ही त्याची नंतर दिसणारी खूण.

सगळा खर्च त्याच क्षणी होत नाही, युरिया हळूहळू मोडतो. पण देणं फेडावंच लागतं. म्हणून:

पाहुणे बसण्याआधी मोकळं (अजून खर्च न झालेलं) क्लोरिन 4 ते 5 पीपीएम. दर तासाने सगळ्यांना बाहेर काढून मोजा, 3 च्या खाली असेल तर 10 टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट 50 मिली (3.3 पीपीएम), वीस मिनिटं जेट चालू, परत मोजून मगच आत. शेवटचा माणूस उठला की उशीर न करता जितके माणूस-तास तितके 90 मिली, त्यातून मधे घातलेलं वजा करून. 12 माणूस-तासांचं लिटरभर होतं. ते तीन हप्त्यांत, अर्ध्या-अर्ध्या तासाने, कव्हर उघडं ठेवून. सकाळी मोजल्यावर 3 ते 5 उरलं असेल तर हिशेब बरोबर, शून्य असेल तर कमी पडलं, 10 च्या वर असेल तर उतरेपर्यंत कोणाला बसू देऊ नका.

हायपोक्लोराइटचा कॅन ताजा घ्या. उन्हाळ्यात शेडमध्ये ठेवलेला कॅन दीड-दोन महिन्यांत निम्म्या ताकदीवर येऊ शकतो. तपासायची पद्धत: टब रिकामा असताना मोजा, 30 मिली घाला, दहा मिनिटांनी मोजा. 2 पीपीएम वाढलं तर 10 टक्के, 1 वाढलं तर 5 टक्के.

टोरांटोकर:
मोजण्याबद्दल एक गोष्ट. भारतात तलावांबरोबर जी पिवळा रंग येणारी ओटीओ किट मिळते ती एकूण क्लोरिन दाखवते. वास मारणारं, निकामी झालेलं क्लोरामाइनही त्यातच येतं. "क्लोरिनचा वास येतोय म्हणजे भरपूर आहे" हा समज तिथूनच टिकतो. तो वास क्लोरामाइनचा, म्हणजे क्लोरिन कमी पडल्याचा. थेंब मोजायची एफएएस-डीपीडी किट घ्या, ती मोकळं क्लोरिन वेगळं दाखवते. 10 मिली नमुन्यात एक थेंब म्हणजे 0.5 पीपीएम. साधी, रंग जुळवायची डीपीडी जास्त क्लोरिनमध्ये रंग उडून शून्य दाखवू शकते. फिनॉल रेडची पीएच चाचणीही क्लोरिन 10 च्या वर असताना जांभळट होऊन पीएच जास्त दाखवते.

कॅनडा-अमेरिकेतल्या मंडळींसाठी: टोरांटोच्या नळाला मुळातच क्लोरामाइन असतं, म्हणून नुकत्या भरलेल्या टबमध्येही संयुक्त क्लोरिन (म्हणजे क्लोरामाइन) दिसतं. घाबरू नका, एकदा 10 पीपीएमवर नेऊन कव्हर उघडं ठेवलं की जातं. क्लोरिनविरहित शॉक, म्हणजे एमपीएस, वापरत असाल तर तोही डीपीडीमध्ये संयुक्त क्लोरिनसारखा दिसतो. पाणी बदलायचं ते नोव्हेंबरमध्ये उरका. उणे 15 मध्ये टब रिकामा राहिला तर पाइपमध्ये उरलेलं पाणी गोठून पंपाचा पुढचा भाग फुटतो.

केमिकट्टा:
नितळ, एका मुद्द्यावर थोडं वेगळं मत. नुसतं हायपोक्लोराइट म्हणजे सायन्युरिक ॲसिड (क्लोरिन टिकवून धरणारं, पण त्याचा जोर कमी करणारं रसायन) शून्य. मग 4 पीपीएम क्लोरिनही फार तिखट पडतं. त्वचेला, पोहण्याच्या कपड्यांना, कव्हरला. शिवाय 38 अंशांना जेट आणि ओझोनपुढे ते टिकत नाही. म्हणून पहिल्या काही दिवसांत एसडीआयसी (सायन्युरिक असलेली क्लोरिनची पावडर) वापरून सायन्युरिक 20 ते 30 पीपीएमवर आणावं आणि मग हायपोक्लोराइटवर जावं. 1500 लिटरला 56 टक्क्यांचं एसडीआयसी सगळं मिळून 90 ग्रॅम. त्याहून पुढे एसडीआयसी नको. दर 10 पीपीएम क्लोरिनमागे 9 पीपीएम सायन्युरिक साठत जातं आणि ते उडत नाही. दोन महिने फक्त एसडीआयसी वापरलेल्या टबमध्ये मीटर 5 दाखवतो पण क्लोरिन कामच करत नाही.

नितळ:
घरगुती टबसाठी पूर्ण मान्य, मीही तेच सुचवेन. पण हा व्हिला भाड्याचा आहे, रोज नवे लोक, कोणाला काय त्वचारोग माहीत नाही. अमेरिकेच्या सीडीसीची (तिथली सरकारी सार्वजनिक आरोग्य संस्था) शिफारसही हॉट टबमध्ये सायन्युरिक असलेली उत्पादनं वापरू नयेत अशीच आहे, आणि क्लोरिन किमान 3, पीएच 7.0 ते 7.8. स्यूडोमोनास (त्वचेवर पुरळ आणणारे जिवाणू) मारायला लागणारा वेळ सायन्युरिकने वाढतो. व्हिलासाठी मी शून्यावरच राहीन आणि दर तासाला मोजेन. मोजायला माणूस नसेल तर तुमची पद्धत बरी.

केमिकट्टा:
व्हिलाच्या बाबतीत पटलं. दुसरं, रानवाट, तुमच्या टबच्या पाइपांत आता नक्की बायोफिल्म असणार. क्लोरिन वारंवार शून्यावर गेलेल्या टबमध्ये ती असतेच. हा बुळबुळीत थर पाइपच्या आत वाढतो, नुसतं क्लोरिन वरवर जाळतं, आतून सोडवत नाही. अंगावर पुरळ आणणारे स्यूडोमोनास आणि न्यूमोनिया करणारे लेजिओनेला, दोन्ही जिवाणू तिथेच राहतात. 1999 मध्ये नेदरलँड्समधल्या बोव्हनकार्स्पेलच्या फुलांच्या प्रदर्शनात मांडलेल्या टबच्या तुषारांतून लेजिओनेला पसरून किमान 32 माणसं गेली. त्यासाठी त्यांना टबमध्ये उतरावंही लागलं नाही, जवळून जाणं पुरलं. म्हणून "पाणी नितळ दिसतंय ना" एवढ्यावर थांबू नये.

सोमवारी पाणी सोडण्याआधी असं करा: कार्ट्रिज काढा, तापमान 38, क्लोरिन 10 पीपीएमवर. पाइप साफ करायचं पर्ज जेल डब्यावर लिहिलेल्या मात्रेत. सगळे जेट आणि डायव्हर्टर (पाण्याचा प्रवाह वळवणारे व्हॉल्व) फिरवत अर्धा तास पूर्ण वेगाने. कडेला तपकिरी-हिरवट साय जमेल ती पुसत राहा. रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा अर्धा तास, मग सोडा. बैठकीचे खळगे, जेटचे चेहरे काढून आतलं सगळं धुवा, पाइपांत उरलेलं पाणी ओला-कोरडा व्हॅक्यूम लावून ओढा. साय येत असेल तर दुसऱ्यांदा करावं लागतं. कव्हरची आतली बाजूही पुसा.

भरताना नळी टबच्या तळाला न सोडता कार्ट्रिज बसतं त्या कप्प्यात सोडा. पंपात हवा अडकत नाही.

मोगरा_22:
कार्ट्रिज दर आठवड्याला नळीने धुतलं तरी प्रवाह कमीच राहतो. घड्या पिवळट दिसतात. बदलायची वेळ झाली का? आणि फेसासाठी डीफोमर चालेल का?

नितळ:
मोगरा, पिवळट म्हणजे तेल, पाण्याने जाणार नाही. 20 लिटर कोमट पाण्यात 250 ग्रॅम ट्रायसोडियम फॉस्फेट, त्यात रात्रभर बुडवा, मग घडीघडीतून वरून खाली धुवा. त्यानंतरही पांढरे खडबडीत डाग राहिले तरच 20 भाग पाण्यात 1 भाग हायड्रोक्लोरिक, बुडबुडे थांबेपर्यंत, आणि लख्ख धुवा. क्रम चुकवू नका. आधी ॲसिड दिलं तर तेल धाग्यांत पक्कं बसतं. प्रेशर वॉशर नको, धागे फाटतात. टोपीची रबरी कड मऊ-चिकट झाली, मधली जाळी चिरली किंवा घड्या आडव्या पडल्या की बदला, साधारण वर्ष-दीड वर्षात. दोन कार्ट्रिज ठेवून आलटून पालटून वापरली तर एक वाळत असताना दुसरी चालू राहते.

डीफोमर तासाभराची सोय आहे. तो सिलिकोन असतो, तोही कार्ट्रिजमध्येच जाऊन बसतो. फेस येतो साबणाने. पोहण्याचे कपडे डिटर्जंटने धुतले असतील तर ते टबमध्येच खळखळतात. नुसत्या गरम पाण्यात धुतलेले कपडे, आणि आत उतरण्याआधी शॉवर. केसांना खोबरेल लावून, अभ्यंगाचं तेल अंगावर असताना किंवा हळदीच्या कार्यक्रमातून थेट उठून कोणी आत येऊ नये. हळदीचा रंग क्लोरिनने उडतो, पण तिच्यातलं तेल पाण्याच्या रेषेवर कडं करून राहतं. व्हिलाच्या सूचनाफलकावर हे स्वच्छ मराठी-हिंदीत लिहा. चांगला शॉवर घेतला की क्लोरिनचा खर्च डोळ्यांना दिसेल इतका कमी होतो.

रानवाट:
शेवटचे दोन प्रश्न. बायोफिल्म गेली हे कसं कळणार? आणि हे सगळं केल्यावर पाणी किती दिवस ठेवता येईल?

केमिकट्टा:
रात्रीची चाचणी करा. कोणी बसलेलं नसताना रात्री 9 ला मोकळं क्लोरिन मोजा, 24 तास कव्हर बंद, दुसऱ्या दिवशी 9 ला पुन्हा. ओझोनेटर चालू असेल तर निम्म्यापर्यंत घट चालेल, बंद असेल तर चौथा हिस्सा. त्याहून जास्त गेलं तर काहीतरी आत खातंय.

नितळ:
पाणी बदलायचा हिशेब: लिटरला 12 ने भागा. 1500 ला 125 आलं. इतके माणूस-दिवस झाले की बदला. शनिवार-रविवार सहा-सहा जण, म्हणजे आठवड्याला 12, म्हणजे दहा आठवडे. तुमचे पाहुणे जास्त वेळ बसतात, म्हणून सहा आठवडे धरा. तरीही आताच्या सहापट. कोणी आत उलटी वा शौच केली तर मात्र हिशेब न करता सगळं सोडायचं आणि पर्जपासून सुरुवात.

सोडायच्या आधी चार दिवस क्लोरिन घालू नका, कव्हर उघडं ठेवा. मोजल्यावर शून्य आलं की ते पाणी अंगण धुवायला, झाडांना चालेल. सॉफ्टनरच्या पाण्यात सोडियम असतं, म्हणून कुंड्यांना आणि नव्या रोपांना नको. नारळाला चालेल.

आणि काकांना एक गोष्ट सांगून ठेवा: टीसीसीए किंवा एसडीआयसीचा चमचा ब्लिचिंग पावडरच्या डब्यात कधीही घालू नये, दोन्ही एकत्र आले की पेट घेऊ शकतात. हायपोक्लोराइट आणि ॲसिड एका बादलीत, एका वेळी, एका मापाने नाही, त्यातून विषारी वायू निघतो. मापं वेगळी, रंग वेगळे, आणि दोन्ही वेगवेगळ्या खोल्यांत.